चौदा कोरी कार्डं

१

सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या कोशातली चौदा कार्डं गायब असल्याचं उघडकीला आलं. त्यातली तीन मी घेतली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी तुम्ही म्हणाल म्हातारीने फसवलं. माझा प्रश्न वेगळाच होता: उरलेली अकरा कोणी नेली?

कोश म्हणजे लॅटिन शब्दांचा मराठी कोश. बावीस वर्षं चाललाय. तिसऱ्या मजल्यावर एक लांबोडी खोली, भिंतभर लाकडी खण आणि खणांत हजारो कार्डं. एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ आणि एक उदाहरण, सगळं आमच्या संपादक सरांच्या हातचं. कार्डांना खाली भोक असतं आणि त्यातून पितळी सळई जाते. त्यातलं एखादं कार्ड काढायचं असेल तर त्याजागी तेवढंच कोरं कार्ड ओवायचं आणि त्यावर आपली सही करायची, असा इथला नियम. नाहीतर खण सैल पडतो आणि कार्डं आडवी होतात. नियम इतका अंगात मुरलाय की मी चोरी करतानासुद्धा तीन कोरी ओवून ठेवली. सही मात्र केली नाही, तेवढी अक्कल होती.

शेवटचा खण अंकशब्दांचा. शुक्रवारी छापखान्याचा माणूस तो न्यायला येणार आणि कोशाचं लिहिणं संपणार. सोमवारी सरांनी शेवटचं बघायला म्हणून तो टेबलावर घेतला. कार्डं चाळता चाळता त्यांचा हात थांबला. मग त्यांनी बिनसहीची कोरी कार्डं बोटाने एकेक करून मोजली आणि म्हणाले, "चौदा."

मी तिथेच होते. माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण माझा आकडा तीन होता. पण सरांचा चेहरा माझ्याहून वाईट झाला होता. ते हळूच खुर्चीत बसले आणि हात मांडीवर ठेवून हातांकडेच बघत राहिले.

उपसंपादक लगेच म्हणाले की कोश चालवणाऱ्या मंडळाला कळवायला हवं. हे गृहस्थ दुसऱ्याच्या लिहिण्यातला काना आणि मात्रा वेचून काढतात म्हणून आम्ही त्यांना कानामात्रा म्हणतो. सर म्हणाले, कळवू नका. मी म्हणाले, मग मी शोधते, एकतीस वर्षं मुद्रितं तपासलीत, हरवलेलं हुडकायची सवय आहे.

"शोधायची गरज नाही, मावशी," सर म्हणाले.

ज्याच्या घरी चोरी होते तो असं म्हणत नाही. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

२

मी कार्डं का घेतली, तेही सांगते. शेवटच्या वाचनासाठी खणाचे वाटे केले होते. माझ्या वाट्यात तीन कार्डांवर सरांच्या चुका निघाल्या, आणि चुकाही अशा की पहिल्या वर्षाच्या पोराने करू नयेत. एकावर लिहिलं होतं, 'शिपायांना दहा पाव मिळाले.' मूळ वाक्यात प्रत्येक शिपायाला दहा होते. दहा पावांत अख्खी पलटण जेवली, असा त्याचा अर्थ झाला.

आता रीतीप्रमाणे चूक वहीत नोंदवायची असते. ती वही मंडळाकडे जाते. आणि मंडळात दोन वर्षांपासून कुजबुज होती की सर थकले, संपादक बदला. मी विचार केला, कार्डं घरी न्यावीत, सरांच्या अक्षरात नवी लिहावीत आणि गुपचूप ओवून टाकावीत. वहीत लिहिलं, 'माझ्या वाट्यात चूक नाही.' पण सरांचं अक्षर काही जमेना. त्यांचा ळ म्हणजे एक भानगडच आहे, तो वळतो कुठून तेच कळत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात बसून मी ळ गिरवत होते.

मंगळवारी मी कानामात्रांना गाठलं. सर गेले तर खुर्ची यांनाच मिळणार, म्हणून माझा पहिला संशय यांच्यावर. ते नाकाने कांदे सोलत बोलले. म्हणाले, आपण वाटा वाचून परत केला, चूक एकही नव्हती, वहीत बघा. मग म्हणाले, बाहेरच्या कोणाचं काम असणार. मी म्हटलं, बाहेरचा माणूस जाताना कोरी कार्डं ओवून जाईल होय? ते चष्मा पुसायला लागले. तो पुसण्यासारखा नव्हता.

चहाला ते खाली गेले तशी मी त्यांची कचऱ्याची टोपली उलटी केली. लाज कसली, इथली टेबलंही मीच पुसते. तळाशी एक चुरगाळलेला कागद होता. उलगडला तर त्यावर ओळीच्या ओळी सरांच्या अक्षरात लिहिलेल्या.

पण त्या सरांनी लिहिलेल्या नव्हत्या. शेवटच्या ओळीतला ळ उलटा वळला होता.

३

सरांचं अक्षर चोरायला बसलाय म्हणजे काहीतरी खोटा कागद तयार करतोय, असं माझ्या मनात आलं आणि मी पेटलेच. पण कागद पिशवीत घातला आणि तोंड बंद ठेवलं. आधी चिमणीशी बोलायचं होतं.

चिमणी आमची टंकलेखिका. कार्डांवरून संगणकावर उतरवून घेते. दिवसभर चिवचिव चालू असते, पण त्या दिवशी ती संगणकावरून मान वर काढेना. कार्डांचं विचारलं तर म्हणाली, मला नाही माहीत, माझ्या वाट्यात चूक नव्हती. मी चुकांबद्दल विचारलंच नव्हतं. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. मला माहीत आहे, नुसतं बघितलं की तरुण माणसं आपणहून बोलतात. चिमणीने रडायला सुरुवात केली.

सरांनी सकाळी तिच्याकडून दोन पत्रं टाईप करून घेतली होती आणि कोणाला सांगायचं नाही असं बजावलं होतं. पहिलं पत्र मंडळाला. 'माझी स्मरणशक्ती आता भरवशाची राहिलेली नाही, तरी शुक्रवारी खण छापखान्याकडे गेल्यावर मला मोकळं करावं.' दुसरं एका वृद्धाश्रमाला. 'शनिवारपासून माझ्यासाठी एक खोली नक्की करावी. घरी कळवू नये.'

मला वहिनी आठवली.

वहिनी, म्हणजे सरांची बायको, विसरत विसरत गेली. आधी चुलीवरचं दूध विसरायची, मग रस्ता, मग लेकीचं नाव. चार वर्षं सरांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिची वेणी घालायला शिकले. तिला जाऊन तीन वर्षं होतील. एकदा मला म्हणाले होते, मावशी, मला हे झालं तर मी लेकीला यातलं काहीही करू देणार नाही. मी तेव्हा म्हणाले होते, भलतंच बोलू नका.

आता ते भलतं खोली नक्की करून बसलं होतं. माझ्या हातात मंगळवार दुपार ते शुक्रवार सकाळ एवढाच वेळ होता. चौदा कार्डं आता दुय्यम झाली. मला शोधायचं होतं ते हे, की चौदा कार्डं बघून हा माणूस स्वतःलाच का हद्दपार करायला निघाला.

४

बुधवारी मी तो खण घेऊन सरांच्या शेजारीच बसले. म्हटलं, जरा अंकशब्द समजावून सांगा, बावीस वर्षांत मला ते धड कळलेले नाहीत. शिकवायला लागले की सरांचा आवाज भरतो. रोमनांकडे आकड्यांचे दोन संच होते, ते म्हणाले. नुसतं दोन म्हणजे डुओ. पण वाटणी आली की शब्दच बदलतो. सिंगुली म्हणजे प्रत्येकी एक, बीनी म्हणजे दोन-दोन, टेर्नी तीन-तीन, आणि पुढे असेच. पाढा म्हणतानासुद्धा ते 'दोन वेळा दोन-दोन' म्हणायचे.

"आपण आधी एकूण किती ते विचारतो, मावशी," सर म्हणाले, "आणि मग कोणी नेलं म्हणून शोधत बसतो. वाटणीचा आकडा हाताशी असला की एकूण आपोआप निघतं. उलटं मात्र होत नाही. चौदा म्हटल्यावर ते कसे झाले हे कुणालाच सांगता येत नाही."

चौदा म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

मी मात्र त्यांच्या वाक्यातच अडकले. सोमवारपासून मी एक चोर शोधत होते, ज्याने अकरा नेली. का? मी स्वतः तर तीनच नेली होती.

वही ओढली. चार वाचकांचे चार वाटे होते: कानामात्रा, चिमणी, मी, आणि सरांची लेक, जी चित्रकला शिकवते आणि रविवारी येऊन वाचनाला हातभार लावते. शेवटचा छोटा वाटा खुद्द सरांचा. सगळ्यांचा शेरा एकच: 'माझ्या वाट्यात चूक नाही.' चारशे कार्डं आणि चूक एकही नाही. बावीस वर्षांत एक खण असा निघालेला नव्हता. चूक नाही असं मी स्वतः का लिहिलं ते मला ठाऊक होतं.

मग सळई काढली आणि चौदा कोरी कार्डं टेबलावर मांडली. लांबून सगळी पांढरी दिसत होती. जवळून बघितली तर तीन मुद्रिताच्या कागदाची, ती माझी. पाच रेघी पुठ्ठ्याची, पट्टी लावून कापलेली, कडा इतक्या सरळ की चिडच यावी. दोन छपाईयंत्राच्या कागदाची, नखं कापायच्या कात्रीने कातरलेली, कडेला लाटा. एक जाड, खरखरीत चित्रकलेच्या कागदाचं.

आणि तीन उरली. पिवळी पडलेली, जुन्या साठ्यातली. तो साठा कधीच संपला होता. थोडीशी कार्डं फक्त एका माणसाच्या टेबलाच्या खालच्या कप्प्यात होती.

मी मान वर केली. सर अजून खिडकीपाशीच उभे होते.

५

गुरुवारी दुपारी सर दवाखान्यात गेले तसं मी तिघांना खालच्या चहावाल्याकडे नेलं. चिमणीला मी हाताला धरून आणलं. लेकीला फोन केला, ती रंगाचे हात तसेच घेऊन आली. मी आधी माझीच तीन कार्डं टेबलावर ठेवली आणि ळ गिरवलेली वहीसुद्धा दाखवली. मग कानामात्रांसमोर त्यांचा चुरगाळलेला कागद ठेवला.

कानामात्रांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, त्यात पाच कार्डं होती. म्हणाले, माझाही ळ जमत नव्हता. चिमणीने पर्समधून दोन काढली. लेकीने एक. चौघांनी एकच काम केलं होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की सरांना सांभाळणारा आपण एकटाच. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी दोन्ही केलं. कानामात्रांबद्दल मनात आणलेलं सगळं मी परत घेतलं, त्यांना न सांगता.

"अकराच झाली," चिमणी म्हणाली. "तीन कुठे आहेत?"

तीन सरांकडे आहेत, मी सांगितलं. त्यांच्या वाट्यात त्यांनाच आपल्या चुका दिसल्या. त्यांना लाज वाटली. आपल्यासारखंच केलं, काढून ठेवली. आता सोमवार आठवा. सरांना ठाऊक होतं की तीन काढली. मोजली तर चौदा. आपण कोणी काढली असतील हे त्यांच्या स्वप्नातही येणार नाही, कारण वहीत आपण सगळ्यांनी लिहून ठेवलंय की चूक नाही. मग उरलेली अकरा कोणी काढली?

लेकीला सगळ्यांच्या आधी कळलं. ती म्हणाली, "बाबांना वाटतंय ती त्यांनीच काढली. आणि विसरले."

मग मी तिला त्या खोलीबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं, पण सांगितल्यावाचून इलाज नव्हता. तिने बोटांवरचा रंग खरवडला. मग फक्त म्हणाली की गेले दोन दिवस ते कपाटातले कपडे का लावतायत ते आत्ता समजलं.

आता खरी पंचाईत. सरांना सांगायचं, तर काय सांगायचं? तुम्ही विसरला नाहीत, कार्डं आम्ही नेली. का नेली? कारण तुमच्या चुका होत्या. म्हणजे एका हाताने धीर द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा. कानामात्रा म्हणाले, खोटं सांगू, उंदीर सांगू. लेकीने मान हलवली. आईशी आम्ही फार खोटं बोललो, ती म्हणाली, आणि तिला प्रत्येक वेळी कळायचं.

मी चिमणीला म्हटलं, तुझ्या हाताला सगळं लावून ठेवायची सवय आहे, ही अकरा क्रमाने लाव. उद्या सरांच्या हातात विस्कटलेली द्यायला बरं दिसत नाही. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात क्रमांक असतो, ते लिहिलं त्या क्रमाने पडलेला. खणात कार्डं शब्दांप्रमाणे लागतात, म्हणून शेजारची कार्डं वर्षं वर्षं लांबची असतात आणि क्रमांकाकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

चिमणीने लावली. मग पुन्हा एकदा वरून खाली बघितलं.

"मावशी," ती म्हणाली, "हे क्रमांक बघा ना."

६

शुक्रवारी नऊला आम्ही चौघं सरांच्या टेबलासमोर उभे राहिलो. छापखान्याचा माणूस अकराला येणार होता. मंडळाचं पाकीट टेबलावर होतं, बंद. कोणी आधी बोलायचं ते ठरलं नव्हतं. शेवटी कानामात्रा पुढे झाले, पाच कार्डं ठेवली आणि म्हणाले, "सर, ही मी नेली होती." त्यांच्या तोंडून इतकं साधं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

मग मी तीन ठेवली, चिमणीने दोन, लेकीने एक. आणि कारणही सांगितलं, पत्रांचं कळलंय हेही, आडपडदा न ठेवता. चुका होत्या, तुम्हाला कोणी बोलू नये म्हणून नेल्या.

सर कार्डांवर वाकले. त्यांची बोटं टेबलावर हलत होती, मला वाटलं मोजतायत.

"म्हणजे मी तीनच काढली होती," ते म्हणाले.

"तीनच," लेक म्हणाली. "तुम्ही काहीही विसरला नाहीत, बाबा."

सरांनी खालचा कप्पा उघडला आणि आपली तीन कार्डं बाहेर काढली. ती ठेवताना म्हणाले, विसरलो नाही ते ठीक, पण चुका तर केल्याच ना. त्याची सुरुवातही अशीच होते, मी पाहिलंय.

तेव्हा चिमणीने ती तीनही घेतली आणि बाकीच्यांत क्रमांकाप्रमाणे घातली. चौदाच्या चौदा सहा हजार दोनशे दहा ते सहा हजार तीनशे या दरम्यान. त्याच्या आधीचं एक नाही, नंतरचंही एक नाही. एकेकाकडे थोडीथोडी कार्डं होती तोवर ते कोणालाच दिसलं नव्हतं, आम्ही सगळे समजत होतो की सर आता चुकायला लागलेत. मी आवक नोंदीची जुनी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. ही सगळी कार्डं तीन वर्षांपूर्वीच्या सात आठवड्यांत लिहिलेली. त्यानंतर सरांनी पाचशेवर कार्डं लिहिली होती. काल रात्री मी आणि कानामात्रा ती सगळी परत वाचून बसलो होतो, त्यात एकही चूक नव्हती. या वेळचं 'चूक नाही' खरं होतं.

लेकीने तारखा वाचल्या आणि ती सरांच्या खुर्चीच्या हातावर बसली. "आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हाचे दिवस," ती म्हणाली.

सरांनी एक कार्ड उचललं, डोळ्यांजवळ धरलं.

"ती माझा हात सोडायची नाही," ते म्हणाले. "झोपेतसुद्धा. मी पॅड गुडघ्यावर ठेवून एका हाताने लिहायचो. पुस्तक उघडं धरायला हात नसायचा, वाक्यं आठवून लिहायचो. तिला कोणाचं काही आठवत नव्हतं, मावशी, पण हात माझाच लागायचा."

कानामात्रा वळून खणांच्या लेबलांचं निरीक्षण करायला लागले. मी खुशाल पदर डोळ्याला लावला, या वयात कशाला लपवायचं.

मग सर सावरले आणि माझी तीन कार्डं जवळ ओढली. दोन बघून मान हलवली. तिसऱ्यावर थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, की हे बरोबरच आहे. रोमनांना पत्र हा शब्द नेहमी अनेकवचनातच लागतो, म्हणून दोन पत्रं म्हणायला वाटणीचाच आकडा घेतात, इथे प्रत्येकी नको. तुम्ही ते घरी नेऊन चुकीचं करणार होतात. मी म्हटलं, मग चौदा नाहीत, तेराच चुका. ते हसले. सोमवारनंतर पहिल्यांदा.

त्यांनी लाल शाईचं पेन घेऊन कार्डं दुरुस्त केली आणि तेरा चुका वहीत नोंदवायला सांगितल्या, स्वतःच्या नावासकट, सगळ्यांसमोर. अकराला छापखान्याचा माणूस आला, त्याला जिन्यात बसवून चहा दिला. मंडळाचं पाकीट सरांनी चार तुकडे करून टोपलीत टाकलं. मग लेकीला म्हणाले, त्या वृद्धाश्रमाच्या लोकांना फोन कर. तिने नंबर लावला, पण पलीकडून आवाज आल्यावर फोन माझ्या हातात दिला.

पलीकडची बाई मोठी शिस्तीची होती. खोली रद्द करताना फॉर्ममध्ये कारण लिहावं लागतं, म्हणाली. तब्येत, स्थलांतर, की आणखी काही?

मी सरांकडे बघितलं. लेक खुर्चीच्या हातावरून उठली नव्हती आणि त्यांचा हात तिने धरून ठेवला होता.

"लिहा," मी म्हटलं, "घरी हवे आहेत म्हणून."